बटाट्यात खोचलेल्या काड्या

सोराताहून निघताना आईनं
धुण्याच्या दगडावर ओणवलेल्या कान्तुतेच्या
पाच काड्या तोडल्या, डोळ्याखाली, तिरक्या,
आणि एका मोठ्या बटाट्यात खोचल्या.
"ओल टिकते," एवढंच म्हणाली.

चार तास बस. खिंडीत बर्फ भुरभुरत होतं.
मांडीवरच्या बटाट्याला मी हात लावून बसले,
तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तशी.

एल आल्तोला माती कुठली, विटांचा चुरा.
दुधाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली.
वाळू नेमेसिओनं बांधकामावरून आणली
(गवंडी माणूस; त्याच्या खिशातूनही वाळूच निघते).
बटाट्यासकट सगळं पुरलं,
गच्चीवर, धुराड्याच्या उबेला.

मग रोज एकेक काडी हळूच ओढून बघायची.
लागली का? लागली का?
डोक्यावरून रोपवेचे डबे सरकायचे,
त्यांची सावली काड्यांवरून जायची
आणि पान गळायचं.
तिसरी काडी हातातच आली, खाली काळी.
मग पहिली. मग पाचवी आणि दुसरी, एकाच दिवशी.

जूनच्या कडाक्यात एका सकाळी
वाळूतून हिरवं डोकं वर!
मी भिंतीवरून हिलारियाला हाक मारली.
ती आली, वाकली, चष्मा पुसला,
आणि पोट धरून हसली:
"अगं, हा तर बटाटा."

त्या दिवसापासून ओढणं सोडलं.
रागानं की लाजेनं, माहीत नाही.
बटाट्याला पाणी घालत राहिले, कारण तो जगत होता.
त्याच्या आडोशाला एक वाळकी काडी
उपटायची राहून गेली.

ऑगस्टमध्ये नेमेसिओ डबा हलवायला गेला
तर डबा सुटेना.
खिळ्याच्या भोकातून दोऱ्याएवढं पांढरं काही
सिमेंटच्या भेगेत शिरलं होतं.
बटाट्याचंच असणार, मी म्हणाले. शिकले होते आता.
तो काही बोलला नाही.
करवंटीला लावावं तसं बोट
त्यानं काडीच्या डोळ्याला लावलं.
तिथं मोहरीएवढं काही फुगलं होतं,
हिरवं म्हणवत नव्हतं अजून.

आई फोनवर झाडाचं विचारत नाही.
विचारते, बटाटे किती निघाले?
नऊ, मी सांगते. गोटीएवढे.
"उकड मग," ती म्हणते.
"मोठा तेवढा ठेव."