च्या जागी

ट्रूरोच्या अभिलेखागारात जुनी गॅझेटं शनिवारीच काढून देतात.
पेन घरी ठेवायचं, पेन्सिल चालते.
चष्मा पुसून मी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं:

एन्साइन डिगरी ट्रिगियर, लेफ्टनंटपदी,
विनामोल,
किट्टो यांच्या जागी, जे जखमांनी वारले.

एवढंच. बोटाच्या पेराएवढं.

आमच्या घरात ही ओळ फार मोठी होती.
खापरपणजोबांनी म्हणे तटावर झेंडा रोवला
आणि सेनापतीने तिथल्या तिथे छातीशी धरलं.
तलवार जेगोच्या जिन्यात टांगलेली आहे,
नाताळच्या आदल्या दिवशी तो तिला तेल लावतो.
मी फोनवर ओळ वाचून दाखवली तर ओरडलाच:
"विनामोल! बघ, विकत नाही घेतला, कमावला!"

काउंटरवरचे नॅनकिव्हेल काही बोलले नाहीत आधी.
लोकांचे पूर्वज घोड्यावरून अलगद उतरवायची
त्यांना सवय असावी.
मग म्हणाले, हुद्दे तेव्हा विकत मिळत, बाई.
एन्साइन साडेचारशे पौंड,
वरची पायरी आणखी अडीचशे.
मेलेल्याची जागा मात्र विकायची नसे.
ती खालच्याला मिळे,
बहुधा रांगेत त्याचा नंबर असे म्हणून.

म्हणजे झेंडा नाही.
रांग.

मग मी डिगरीला सोडून किट्टोला शोधत बसले.
चार वर्षं मागे, पानांना दमट लोकरीचा वास:
अँब्रोझ किट्टो, मोल देऊन,
कुणा निवृत्ताच्या जागी.
सातशे पौंड. एका पत्रात आहे,
आईने कथलाच्या खाणीतला वाटा विकला होता.
पोरगा परतला असता तर हुद्दा विकून पैसे सुटले असते.
मेला, बुडाले.
गॅझेटात तिच्यासाठी रकाना नाही.

आणि पंधरवड्याने, अगदी तळाला, शुद्धिपत्र:
'ट्रेगर' याऐवजी 'ट्रिगियर' वाचावे.
आमचं नाव तेवढं नीट करून घेतलं कुणीतरी.

त्या रात्री तीनला मी जागी.
च्या जागी. च्या जागी.
खिडकीबाहेर बंदराचा दिवा फिरत होता,
एकदा माझ्या भिंतीवर, एकदा नाही.

जेगोला अजून सांगितलेलं नाही.
लावू दे तेल.
पण वंशावळीच्या मोठ्या कागदावर
डिगरीशेजारी मी पेन्सिलीने एक चौकोन काढलाय.
ना रक्ताचा, ना सोयरा.
नाव लिहिलं, साल लिहिलं,
आणि रेघ कुठून ओढायची
ते अजून ठरत नाही.