मेगामिंक्स, पाचपैकी

आधी पंखा बंद करावा लागतो,
नाहीतर माझ्याऐवजी पंखाच बोलतो.
मे महिना, फैजपूरची दुपार, शटर अर्धं खाली,
मोटार रिवायंडिंगच्या टेबलावर वर्तमानपत्र,
त्यावर बारा बाजूंचा, बारा रंगांचा तो,
आणि मुबारक तडवीच्या हातात माझा मोबाईल.
मुबारकने श्वास घेतला की चित्र वर जातं,
सोडला की खाली.

'नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत...'
कट.
हा कोण बोलला?
कुणाच्या लग्नातल्या निवेदकाचा आवाज हा?
मुबारक म्हणाला, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा बोल ना भो.
मग मी म्हटलं,
हे पाहा, हा असा फिरून राह्यला.

पहिल्या व्हिडिओत मी त्याला ग्रीस लावलं होतं,
बेअरिंगचं, पिवळं, डब्यातलं.
पाणबुडी मोटारीला चालतं, याला का नाही?
दोन दिवसांत तो आंब्याच्या पोळीसारखा चिकट.
तोवर अकरा वेळा पाहिला गेला होता तो सल्ला,
अकरातल्या चार वेळा मीच.
उरलेल्यांतल्या एकाने जरी ऐकलं असेल
तर कुठल्यातरी गावात एक पोरगं
माझ्या नावाने बोटं पुसत असेल.
म्हणून दुसऱ्या व्हिडिओत फक्त माफी आहे,
एक मिनिट नऊ सेकंद,
आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेले पन्नास तुकडे.

हा तिसरा.
सांगतो: कोपरे गोल आहेत, अडकत नाही.
स्प्रिंग जरा सैल.
पोपटी आणि हिरवा ट्यूबलाइटखाली एकच दिसतात,
हे मला रात्री कळलं,
चुकीचा तुकडा दोन तास फिरवून.
खोक्यावर असलं काही लिहीत नाहीत.
बाकीचे सेकंद सांगतात, मी वळणं सांगतो.
चोपन्न, पंचावन्न, तांब्याच्या तारेने लावलेली सवय,
बोट हललं की आकडा पुढे सरकतो.
दोनशे ऐंशी झाली होती,
घामाने तीनदा निसटला ते धरून,

तेवढ्यात एक कोपरा उडाला.
टण्णकन, थेट स्टेटरच्या ढिगात.
मुबारक फोन बंद न करताच वाकला,
त्यामुळे पुढची चार मिनिटं
चित्रात फरशी, मुबारकची चप्पल,
जळलेल्या तारांची काळी भेंडोळी
आणि आमचे आवाज:
'तिकडं नाही भो.'
'हे वायसर आहे.'
'हा का? हा कंगव्याचा दात.'
मुबारक हसला तेव्हा अख्खं दुकान हललं पडद्यावर.
हे मी कापणार नाही.

सापडला. दाबून बसवला.
मग एकेक रंग घरी पोचवत आणला
तर शेवटी एकच कोपरा उरला, तोंड फिरवून,
पंगतीकडे पाठ करून बसलेल्या फुईसारखा.
फिरवला. परत फिरवला.
सहाशेच्या पुढे मोजणं सोडलं.

आबा पलीकडे कॉइलला वार्निश लावत होते.
चष्मा कपाळावरून खाली घेतला, एकदाच पाहिलं.
'फिरवून नाही व्हायचं ते.
बसवतानाच उलटा बसला. खोल, सरळ भर.
जळलेली मोटार फिरवून चालू होते का रे?'

मी मुबारककडे पाहिलं: आलं?
त्याने फोन माझ्याकडे वळवला.
मेमरी भरली होती.
शेवटच्या चित्रात माझा अंगठा
आणि ओली झालेली शेतीची बातमी.

'आबा, परत म्हणा ना एकदा, जसं म्हटलं तसंच.'
'काय म्हटलं होतं मी?'
त्यांनी खरंच आठवून पाहिलं, ब्रश हवेत धरून.
वार्निशचा थेंब लांबत गेला, लांबत गेला, पडला नाही.
मुबारकने पंखा लावला.
वर्तमानपत्र उडालं.

किती द्यायचे, मुबारक विचारतो, पाचपैकी?

थांब,
आधी खोलू दे.