हातचे दोन

सेतुबालच्या बंदरामागे, सार्डिनच्या कारखान्याला लागून
आमचं मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय.
सोमवारी बंद. सोमवारी मी पुतळ्यांचे केस धुतो.

केस खरे असतात. इदालिना एकेक करून खोचते,
टोकाला दुभंगलेल्या सुईने. एका डोक्याला पाच आठवडे.
कंटाळा येत नाही? विचारलं तर म्हणाली,
टक्कल पडलेली थोर माणसं मला फार आवडतात.

आधी माती, मग प्लास्टरचा साचा, मग मेण.
कडेला बोटभर थिजलं
की मधलं पुन्हा ओतून काढायचं.
म्हणजे आतून सगळेच पोकळ.
हे मी पाहुण्यांना सांगत नाही,
मंत्र्यांच्या रांगेपाशी त्यांना आपसूक कळतं.
मेण निवताना आकसतं,
म्हणून मातीचं डोकं खऱ्याहून जरा मोठं घडवतात.
डोळ्यांत लाल रेशमाचे धागे, जागरणाच्या शिरा.

ॲडमिरलने चेहऱ्यासाठी वीस मिनिटं दिली.
हातांसाठी त्याला सवड नव्हती.
तेव्हा शेजारून डबे झाळणाऱ्या झेफेरिनूला बोलावलं,
कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये बसवलं.
मजुरी दोन सिगारेटी;
त्याही शिल्पकारानेच त्याच्या ओठांशी धरल्या.

हे मला ओतिलियाने सांगितलं, त्याच्या बायकोने.
पहिल्या गुरुवारी येते, म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट असतं तेव्हा.
ॲडमिरलपाशी थांबते, मान वर करत नाही.
डावी करंगळी वाकडी. अंगठ्याशी कथलाचा डाग.
"भांडलो की हाच हात टेबलावर आपटायचा."
दोरीच्या अलीकडे ती, पलीकडे हात.
मी खिडकी पुसायला घेतो.

आता यादी आली आहे. शाळेची पोरं विचारतात, हा कोण?
म्हणून ॲडमिरल वितळवायचा.
त्याच मेणातून कुणी फुटबॉलपटू उभा राहील.

पातेल्यात डोकं गेलं, आधी नाक खचलं,
मग मान गेली. केस इदालिनाने उपटून ठेवले, पुढच्या कुणासाठी.
वजन कमी भरलं.
वहीत मी लिहिलं: आकसलं.

बेरजेत हातचा एक धरतात.
माझ्याकडे दोन होते,
सार्डिनच्या खोक्यात, लाकडाच्या भुशात.

गुरुवारी दारातच दिले.
उन्हात ठेवू नका, एवढंच म्हणालो.
तिने खोकं काखेत धरलं
आणि मोकळ्या हाताने
अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून दिले.