आतला रंग

दिगांबरचा फोटो आला सकाळी, पार हिमाचलातून.
दोन मासे, पोटं उघडून, एका पाटावर.
एकाचं मांस पांढरं, ओल्या खोबऱ्यासारखं,
दुसऱ्याचं केशरी, पिकल्या पपईची फोड जणू.
खाली लिहिलेलं :
मामी, वळख बरं, ह्यातला ट्राउट कोणता?

माझा हात बरबटलेला.
अंगठ्याचा खवला काचेला चिकटून बसला.
जिंतूरचा बाजार, विळी मांडलेली,
टोपल्यातून येलदरीचं पाणी अजून गळतंय
आणि डोणेकर मास्तर पिशवी पसरून उभे :
लालसर मांसाचाच दे. पांढरा शिळा असतो.

फोन लावला. तो हसला.
दोन्ही ट्राउटच की मामी, एका घाणीचे.
एक वढ्यात सुटला, बारके झिंगे खाऊन वाढला,
एक हौदात, पोत्यातल्या दाण्यावर.
पांढरा कुणी घेईना,
म्हणून आता दाण्यातच रंग मिसळतो आम्ही.
तक्ता असतो, भिंतीच्या रंगाचा असतो तसा.
मालक बोट ठेवतो, तेवढं लाल करायचं.

मी विळीवर मासा धरला
आणि सासूचा आवाज आला,
तिला जाऊन नऊ वर्षं झाली तरी येतो.
मी तेव्हा नवी. माळकऱ्याच्या घरातली,
खवल्याच्या वासानं उंबऱ्यातच ओकलेली.
बाया कुजबुजत होत्या, ही काय टिकती.
गयाबाईनं धरणातला रोहू कापला, मग शेततळ्यातला,
दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवले.
एक जरा गुलाबी, एक फिक्का.
"कामून सांग? रंग खाल्ल्याचा असतो बाई,
जातीचा नसतो."
बायांकडं न बघता म्हणाली.

मग शिकवलं.
गुलाबी तुकड्याला मीठ, हळद, ज्वारीचं पीठ चोळून
करडईच्या तेलात दोनदा उलटायचं, बस्स.
त्याच्या चवीच्या मधी पडायचं नाही.
तळ्यातल्याला गाळाचा वास,
त्याला चिंचेच्या कोळात घटकाभर निजवायचं,
खोबरं काळं होईस्तोवर भाजायचं, येसर सैल हातानं,
रस्सा असा की भाकरी बुडाली पाहिजे.
शिळं-ताजं मांसाच्या रंगावर ठरत नाही.
डोळा बघ, कल्ला उचल,
अंगठा दाब. खड्डा भरून आला तर घे.

मास्तर, इकडं या, बोट लावा.
त्यांनी चष्मा वर केला, भीत भीत दाबलं
त्या पांढऱ्या माशाला.
खड्डा भरला.
पुन्हा दाबलं, पोरासारखं.
मग दीड किलो घेतला, आणि कृती
वहीच्या पानावर लिहून घेतली, शीर्षक देऊन, रेघ मारून.
येसर शब्दाखाली दोन रेघा.

संध्याकाळी उरलेला मासा घरी रांधला.
गुलाबी होता तो. तव्यावर टाकला
आणि बघता बघता रंग गेला,
ताटात कुणाला सांगूनही पटलं नसतं.

हात धुऊन दिगांबरला विचारलं :
त्या पांढऱ्यांचं काय करता रे?
बराच वेळ काही नाही.
मग आलं :
ते आम्हीच खातो मामी, कामगार. उकडून, मीठ लावून.

खोबरं काढलं.
पत्ता धाड, लिहिलं, पिनकोडासहित.
आणि उकडू नको.