चार अंश

रऊफनं सफरचंदाच्या रिकाम्या खोक्यातून
सात कांदे आणले सोपोरहून,
भुश्शात गुंडाळलेले,
उदगीरला येईतो घामेजलेले.
"नर्गिस है काका. इसकू ठंड होना.
तुमीच ठेवू शकता."

तुमीच, म्हणाला.
दूध शीतकरण केंद्राला कुलूप लागून नऊ वर्षं झाली
तरी गावात थंडीचं काही काम निघालं
की माझंच नाव निघतं:
लग्नातलं आइस्क्रीम, बर्फाची लादी,
एकदा तर गुत्तेदाराचे आजोबा,
पुण्याहून नातवंडं येईपर्यंत.

फ्रिजमधला भाजीचा कप्पा रिकामा केला.
केळी बाहेर, टोमॅटो बाहेर,
पिकत्या फळाचा श्वास
कांद्यातल्या कळीला सोसत नाही.
कांद्यासाठी भाजी बाहेर काढणारं घर
प्रयागनं पाहिलं नव्हतं, असं ती म्हणाली.
केंद्राच्या वहीची कोरी पानं उरली होती माझ्याकडे.
तारीख. वेळ. अंश. सही.
सकाळी चार. रात्री पाच.
लाइट गेली की दार उघडायचं नाही,
पाणी प्यायलासुद्धा.

दसरा गेला, दिवाळी गेली.
एकदा पोह्यांसाठी तिनं त्यातला एक
विळीवर धरलाच होता.
"विष आहे ते!"
त्यानंतरही त्याच फ्रिजमध्ये, वरच्या फळीवर,
तिनं रोज दही ठेवलं.
काही न बोलता.

पौषात तेलाच्या डब्यांना भोकं पाडली.
आमची काळी माती पाणी धरते ते सोडतच नाही,
म्हणून निम्मी वाळू, थोडा विटांचा चुरा.
शेंडा वर, बूड खाली, चार बोटं खोल.
टँकर आठ दिवसांनी येतो.
डबे रांजणाच्या तिवईखाली सरकवले,
पाझर पडेल तेवढाच त्यांचा.

दोन कुजले.
चार नुसती पात घेऊन उभे राहिले.
कंपाउंडवरून वाकून हणमंत धोंडे म्हणाले,
"लसूण लावलालाव का जी?"
मी हो म्हणालो.

सातव्या डब्यात,
महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी,
पिवळं.

वर बघत नाही हे फूल.
पहाटे चारला प्लॅटफॉर्मवर
कॅनचं झाकण काढून
मी असाच वाकायचो, नाक खाली नेऊन.
दूध नासलंय हे आधी वासाला कळतं,
यंत्राला मागून.
तसं वाकलेलं,
मध्ये एक छोटं माप, काठाला चुण्या पडलेलं.
कशाचा वास घेत होतं कोण जाणे.

रऊफ बनिहालच्या अलीकडे अडकलेला, रस्ता बंद.
फोटो पाठवला तर त्याचा फोन आला:
"इधर तो अब्बी बर्फ है काका,
तुम्हारे घर पहले आया!"
प्रयागला फोन दिला.
ती म्हणाली, जेवलास का?

तीन दिवस टिकलं.
चौथ्या दिवशी पारा पस्तीसवर.

"पात कापते आता," प्रयाग म्हणाली,
"डबे मोकळे होतील, मिरची लावू."
नको.
ती आपोआप पिवळी पडेपर्यंत हात नाही लावायचा.
गाठ मारायची नाही, वेणी घालायची नाही,
दिसो कितीही गबाळं.
फूल संपलं तरी पात ऊन घेते, कांद्यात भरते.
वरून बंद दिसतं,
खाली आवक चालू असते.

हे मी जरा जोरात म्हणालो बहुतेक.
ती विळी ठेवून आत गेली.

वैशाखात कांदे उकरले,
झटकले, सावलीत वाळवले.
फुललेल्याच्या कुशीला एक पिल्लू चिकटलेलं,
लसणीच्या पाकळीएवढं.
वहीत आवकच्या रकान्यात लिहिलं:
पाच, अन् एक.
सही केली.

नवरात्रात वही उघडली
तर सहीच्या खाली, प्रयागच्या मोठ्या अक्षरात:
यंदा केळी कुठं ठेवायची ते
आधी सांगा.