खांब नंबर सात

बोबो-जुलासोत, वसतिगृहामागच्या रस्त्यावरचे
अकरा खांब पालिकेनं आम्हाला दिले, सहा महिन्यांसाठी,
आणि एक शिडी, जी परत करायची होती.

सर्किट फातोगोमा सानूनं जोडलं.
कोड मी लिहिला: चार ओळी खऱ्या कामाच्या,
बाकी सगळी सारवासारव.
कुणी आलं, तर पूर्ण उजेड.
कुणी नसलं, तर वीस टक्के,
म्हणजे रस्त्याला रस्ता दिसेल एवढाच.

हरमाटनचं वारं सुटलं
आणि सेन्सरांच्या डोळ्यांत लाल धूळ गेली.
आठवड्यातून दोनदा, शिडी खांद्यावर घेऊन,
जुन्या बनियनच्या तुकड्यानं
आम्ही अकरा खांबांचे डोळे पुसत फिरलो.
शेळ्यांसाठी दिवे लागले.
एका नवरा-बायकोच्या भांडणासाठी रात्री दोनला
तिसरा, चौथा, पाचवा,
भांडण पुढं सरकेल तसतसे.
बाजरीचे वडे तळणाऱ्या आवाच्या चुलीला
नववा खांब माणूसच समजायचा.
तक्त्यात तीही नोंद.
वीज वाचली: बासष्ट टक्के.
प्राध्यापक बारो म्हणाले, छान.
ते सहसा म्हणत नाहीत.

फक्त सातव्याचा आलेख कळेना.
रात्री नऊ ते बारा, दर नव्वद सेकंदांनी एक उंच काडी.
उतार. पुन्हा काडी.
कंगव्यासारखा.
फातोगोमा म्हणाला, वायर ढिली.
मी म्हणाले, कोडमध्ये बग.
पैज लागली, आवाच्या सहा वड्यांची.

जाऊन पाहिलं, तर खांबाखाली
सिमेंटच्या ठोकळ्यावर एक मुलगी, मांडीवर भूगोल.
वाचणारं माणूस हलत नाही.
दिव्याला वाटायचं, गेलं असेल,
आणि तो विझत विझत यायचा.
मग ती, पानावरची नजर न काढता,
उजवा हात डोक्यावर नेऊन हलवायची,
माशी वारावी तसा.
दिवा दचकून जागा.

कधीपासून असं?
"तुम्ही लावलेत तेव्हापासून," कोरोतिमी म्हणाली.
"आधीचा पिवळा होता, पण असं सारखं विचारायचा नाही.
दर पानाला तीनदा हात. आता वर्गातही जातो वर.
सर म्हणतात, विचार, काय विचारायचंय?"

पैज कुणीच जिंकलं नाही.
वडे तिघांत वाटले, पैसे उधार.

रात्री मी ती ओळ उघडली:
हालचाल शून्य, तर माणूस शून्य.
किती ठामपणे लिहिली होती.
एक स्वल्पविरामही अडखळला नव्हता.

सायकलच्या दुकानातून बटण आणलं,
खांबाला कमरेच्या उंचीवर बसवलं.
दाबा: एक तास.
मग चौथ्याला बसवलं, मग दहाव्याला,
कारण तिथंही ठोकळे होते, आम्ही पाहिले नव्हते.

"सत्तावन्न?" बारो सरांनी चष्मा काढला.
"पाच टक्के कुठं गेले?"
फातोगोमानं माझ्याकडं पाहिलं.
"वाचायला बसलेत, सर."

काल त्या बाजूनं आले.
बटण दाबलेलं, उजेड पूर्ण, स्थिर,
तरी पान उलटताना तिचा हात वर गेला,
कुणी नव्हतं, तरी.

शिडी अजून परत केलेली नाही.