अनुभवाचा दाखला

हर्णैच्या जेटीकडे उतरताना
बर्फाच्या कारखान्याला टेकून माझं दुकान.
झेरॉक्स, पॅन, आधार, लाइट बिल,
आणि यंदापासून पाटीवर एक ओळ जास्त:
परदेशी कामाचा व्हिसा, हंगामी.
पेंटर 'हंगामी'वरचा अनुस्वार विसरला,
मी तो मार्करने दिला.

हरेश्वर चोगले, वय सव्वीस, आईला घेऊन आला.
कागद उत्तरेकडच्या एका बेटाचा,
तिथे मासे कापायला माणसं हवीत,
सहा महिने, खोली कंपनीची, भाडं पगारातून.
मी मराठीत करून मोठ्याने वाचत गेले:
आम्ही अठ्ठावीस दिवस जाहिरात दिली,
स्थानिक उमेदवार मिळाला नाही.
चांगुणामावशी म्हणाली,
"म्हंजे तिथली पोरा पन पलाली?"

बाहेर त्यांच्याच बोटीवर
अछामचा खिमलाल जाळं शिवत होता.
त्याच्यासाठी कुणी जाहिरात दिली नव्हती.
एका सकाळी आला, दोर धरला, राहिला.

रकाना सात. मासे कापण्याचा अनुभव, वर्षांत.
हरेश गप्प.
त्याला वारा कळतो,
पाण्याच्या रंगावरून बोंबील कुठे ते सांगतो,
इंजिनाचा सूर बदलला तर झोपेतून उठतो.
त्याला रकाना नव्हता.
आणि कापणं तर बायकांचं,
आमच्याकडे पुरुषाच्या हातात कोयती
शहाळ्यापुरती.
"एकतीस," चांगुणा म्हणाली. "लिव. एकतीस वर्सा."
"मावशी, तो सव्वीसचा आहे."
"मंग पाच लिव. बाकीची माजी."

मग वीस दिवस, लिलाव उठला की
ती त्याला ओट्यावर बसवायची.
कोयती नाही, सुरी. कागदात सुरी होती.
ती सुरी आधी ती स्वतः शिकली,
रात्री, दार लावून, कुणाला न सांगता.
अंगठ्यावर हिरव्या लुगड्याची चिंधी दिसली
तेव्हा मला कळलं.

मुलाखत माझ्या काउंटरवर झाली.
खाली प्लास्टिक, वर पाट, पाटावर रावस,
मोबाइल गोंदाच्या बाटलीला टेकवलेला.
चेहरा नको, पलीकडची बाई म्हणाली, हात दाखवा.
चांगुणा काउंटरखाली उकिडवी,
त्याच्या पायाचा अंगठा धरून.
दाबला की थांब, सोडला की ओढ.
काटा अख्खा निघाला, फणीसारखा.
कुठे शिकलात, बाईने विचारलं.
"आईकडे," तो मराठीत बोलून गेला.
मी इंग्रजीत केलं: आधीच्या मालकाकडे.
पूर्ण खोटं नव्हतं.
पगार तेवढा कधी झाला नव्हता.

तो गेला त्याला दीड महिना झाला.
फोटो येतात. पांढरी टोपी, पांढरे गमबूट,
पांढऱ्या भिंती, मासा तेवढा गुलाबी.
चांगुणा फोटो मोठा करते, चेहऱ्यापाशी थांबत नाही,
बोटांवर येते, मोजते.
"धा हायत," म्हणते
आणि टोपली उचलून लिलावाला जाते.

काल खिमलाल आला, गावी पैसे पाठवायला.
पैसे गेले, पावती घेतली, तरी उभा.
मग शर्टाच्या आतून पासपोर्ट काढला,
कोरा, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.
दीदी, त्या बेटावर नेपाळी चालतात का?
बोटीवर मग कोण, हे ओठावर आलं,
विचारलं नाही.
फॉर्म उघडला. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव.
जन्मगावाचं स्पेलिंग त्यालाही येत नव्हतं,
दोघांनी मिळून ठरवलं.
रकाना सातपाशी मी थांबले.
तो काही बोलला नाही,
डावा हात काउंटरवर ठेवला.
अंगठ्याला चिंधी होती,
हिरवी.